पाळत : एक वाचनपद्धती

१

वाङ्मयसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात डिजिटल पाळतीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. हा विषय विधिज्ञांचा, राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा, फार तर संगणकतज्ज्ञांचा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. लेखकाचा त्याच्याशी संबंध येतोच, तर तो नागरिक या नात्याने येतो, असेही पुष्कळदा म्हटले जाते. हा समज पुरता बरोबर वाटत नाही. पाळत ठेवणारा मनुष्य नेमके काय करतो, याचा बारकाईने विचार केला तर असे दिसेल की तो वाचतो. तो पत्र वाचतो, संभाषण ऐकून त्याचे टाचण वाचतो, नोंदी वाचतो, आणि या वाचनावरून एखाद्या माणसाच्या मनात काय आहे याविषयी निष्कर्ष काढतो. शब्दांवरून अर्थाकडे आणि अर्थावरून हेतूकडे जाण्याचा हा मार्ग समीक्षकालाही अपरिचित नाही. तेव्हा पाळत ही एक वाचनपद्धती आहे, असे म्हणावयास हरकत नसावी. आणि ती वाचनपद्धती असेल, तर तिच्यातून निघणारे अर्थ कितपत विश्वसनीय आहेत, हे विचारण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला निश्चितच पोचतो.

'पाळत' हा शब्दही थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. तो 'पाळणे' या क्रियापदाच्या कुळातला आहे. पाळणे म्हणजे सांभाळणे, जतन करणे. गुरे पाळतात, वचन पाळतात, कुळधर्म पाळतात. 'पाळत' या शब्दात मात्र राखणाऱ्याची नजर तेवढी उरली आणि माया नाहीशी झाली. पाळत ठेवणारी प्रत्येक सत्ता आपण प्रजेचे पालन करीत आहोत असेच सांगत असते, आणि ते नेहमीच खोटे असते असेही नाही. पालन कोठे संपते आणि पाळत कोठे सुरू होते, हा या विषयाचा गाभा आहे.

२

सत्तेने प्रजेचे लिखाण वाचणे ही गोष्ट काही संगणकाने जन्माला घातलेली नाही. १८६७ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. त्याच सुमारास मुंबई इलाख्यातील देशी वृत्तपत्रांच्या मजकुराचे इंग्रजी सारांश अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी नियमितपणे तयार होऊ लागले. आज इतिहाससंशोधक हे सारांश साधन म्हणून वापरतात. परंतु ते ज्यांनी लिहिले त्यांना इतिहास लिहावयाचा नव्हता, राजद्रोह हुडकावयाचा होता.

या वाचनाचे सर्वांत बोलके उदाहरण १९०८ च्या टिळकांवरील खटल्यात सापडते. 'केसरी'तील १२ मे आणि ९ जून १९०८ च्या अग्रलेखांवरून हा खटला उभा राहिला. टिळकांच्या घराची झडती झाली, तेव्हा एक कार्ड सापडले. स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन ग्रंथांची नावे त्यावर टिपलेली होती. हे कार्ड सरकारपक्षाने पुरावा म्हणून न्यायालयापुढे ठेवले. टिळकांचे स्पष्टीकरण साधे होते. स्फोटक द्रव्यांसंबंधीचा नवा कायदा नुकताच संमत झाला होता. त्यावर टीका लिहावयाची, तर 'स्फोटक' म्हणजे काय याची व्याख्या पाहणे अवश्य होते, म्हणून ग्रंथांची नावे टिपून ठेवली. संपादकाच्या टेबलाशी ज्याचा कधी संबंध आला आहे, त्याला या खुलाशात काहीही नवल वाटणार नाही. लेखनाच्या पूर्वतयारीतील कार्डावर अशाच गोष्टी असतात. परंतु संशयाने वाचणाऱ्याला पुस्तकाच्या नावात वाचकाची जिज्ञासा दिसली नाही, त्याचा बेत दिसला.

या खटल्यात टिळकांनी २१ तासांहून अधिक वेळ स्वतःची बाजू मांडली, आणि त्यातील बराच भाग सरकारी भाषांतराच्या चिकित्सेत खर्च केला. अमुक मराठी शब्दाचा सरकारी भाषांतरकाराने दिलेला इंग्रजी अर्थ कसा चुकीचा आहे, शब्दाची छटा कशी गमावली गेली आहे, हे ते ज्यूरीला समजावून देत होते. एका अर्थी न्यायालयात उभे राहून केलेली ती समीक्षाच होती. नऊपैकी सात ज्यूरर विरुद्ध गेले आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निकाल अन्यायाचा होता. तरीही त्या वाचनाविषयी एक गोष्ट मान्य करावयास हवी. वाचणारा कोण आहे हे टिळकांना ठाऊक होते. त्याने काय वाचले आणि त्याचा काय अर्थ लावला, हे उघड न्यायालयात सांगितले गेले; आणि तो अर्थ खोडून काढण्याची संधी, निष्फळ का होईना, लेखकाला मिळाली.

आजच्या डिजिटल पाळतीचा विचार करताना हे तीन घटक ध्यानात ठेवावेत : ओळखू येणारा वाचक, उघड केलेला अर्थ, आणि उत्तर देण्याची संधी. आज आपण ग्रंथांची नावे कार्डावर टिपीत नाही. शोधयंत्राच्या चौकटीत लिहितो. ते कार्ड आता आपल्या टेबलाच्या खणात नसते. ते दूरच्या कोठल्यातरी संगणकावर असते, तारीखवार असते, आणि आपण विसरलो तरी ते विसरत नाही.

३

डिजिटल पाळतीत दोन अगदी भिन्न गोष्टींची नेहमी गल्लत केली जाते. एक म्हणजे मजकूर, आणि दुसरी म्हणजे मजकुराभोवतीची नोंद, जिला मेटाडेटा असे नाव रूढ झाले आहे. पत्राचे उदाहरण घेतले तर आतील कागद हा मजकूर; पाकिटावरील नावे, पत्ते, टपालाचा शिक्का आणि तारीख हा मेटाडेटा. दूरध्वनीवर आपण काय बोललो हा मजकूर. कोणी कोणास, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या मनोऱ्याच्या टापूतून दूरध्वनी केला, हा मेटाडेटा. एडवर्ड स्नोडेन याने जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रे उघड केली, तेव्हा पहिला गौप्यस्फोट याच प्रकारचा होता. एका मोठ्या कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांच्या दूरध्वनींच्या नोंदी न्यायालयाच्या गुप्त आदेशाने गोळा केल्या जात होत्या. कोणाचेही बोलणे आम्ही ऐकत नाही, केवळ नोंदी ठेवतो, असे समर्थन त्या वेळी करण्यात आले.

'केवळ' हा शब्द येथे फसवा आहे. एखादी व्यक्ती रात्री अकरा वाजता कर्करोगतज्ज्ञाला, सव्वाअकराला बहिणीला आणि साडेअकराला वकिलाला दूरध्वनी करते, एवढे कळल्यावर ती काय बोलली हे ऐकण्याची गरज उरत नाही. कित्येकदा माणूस बोलण्यात लपवू शकतो ते त्याच्या नोंदींत उघडे पडते.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या ठिकाणी एका गोष्टीची आठवण व्हावी. वाच्यार्थाहून निराळा असा व्यंग्यार्थ कशाकशाच्या योगाने प्रतीत होतो, हे सांगताना मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काही घटक मोजले आहेत. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकू म्हणजे स्वराचा हेल कोणता, प्रस्ताव म्हणजे प्रकरण काय, स्थळ कोणते, काळ कोणता, असे ते घटक होत. शब्द तेच राहिले, तरी यांतील एक घटक बदलला की अर्थ पालटतो. आता मेटाडेटा म्हणजे काय ते पुन्हा पाहावे : बोलणारा, ऐकणारा, स्थळ आणि काळ. व्यंजनेचे हे चार घटक यंत्र अचूक टिपते. दोन घटक मात्र त्याच्या हाती लागत नाहीत. एक काकू, आणि दुसरे प्रकरण. शब्द कोणत्या स्वरात उच्चारला गेला, आणि बोलणे कोणत्या ओघात निघाले, हे त्याला कळत नाही. थट्टा, उपरोध, उद्वेग, प्रेमातील लटका राग, कादंबरीतील खुन्याच्या तोंडी घालावयाचे वाक्य, या सर्वांचा निवाडा याच दोन घटकांवर अवलंबून असतो. मेटाडेटातून अर्थ निघत नाही असे नाही. अर्थ भरपूर निघतो, पण त्याला आवर घालणारे घटक तेवढे गहाळ असतात. समीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही व्यंजना आहे, पण सहृदयाशिवायची.

मजकूर हाती आला तरी अडचण संपत नाही. ध्वनिविचारातील सुप्रसिद्ध उदाहरणातली नायिका धार्मिकाला नदीकाठी निर्धास्त फिरण्यास सांगते, कारण त्याला भिवविणारे कुत्रे सिंहाने मारले आहे. आणि तिला सुचवावयाचे असते ते नेमके उलट, म्हणजे त्याने तेथे मुळीच फिरकू नये. वाक्याच्या विधानातून निषेध निघतो. शब्दांच्या वारंवारतेवरून आणि पूर्वीच्या नमुन्यांवरून वाक्याला 'धोकादायक' किंवा 'निर्धोक' असा शिक्का मारणाऱ्या यंत्राच्या हाती असे वाक्य पडले तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. आज यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी शहाणी झाली आहेत. तथापि ज्या वाचनाची चूक कोणाला दाखवून देताच येत नाही, ते वाचन शहाणे होण्यालाही मर्यादा पडते.

४

आतापर्यंत वाचनाची गोष्ट झाली. अलीकडच्या काळात पाळतीने आणखी एक पायरी ओलांडली आहे, आणि ती साहित्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे.

व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनांवरील संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध होऊन जातात. वाटेत कोणी तो अडविला, तरी त्याच्या हाती निरर्थक चिन्हांची ओळ पडते. लाखेने बंद केलेल्या पाकिटासारखे हे आहे. परंतु पाकीट बंद होण्यापूर्वी, किंवा उघडल्यानंतर, पत्र लिहिणाऱ्याच्या खांद्यामागे उभे राहून कोणी ते वाचीत असेल तर लाखेचा काय उपयोग? इस्रायलमधील एन.एस.ओ. या कंपनीची पेगॅसस नावाची प्रणाली नेमके हेच करते. ती मोबाईलमध्येच शिरते. २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकारात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दूरध्वनी उचललाही नाही तरी शिरकाव होत असे. सुमारे १,४०० मोबाईलना अशा रीतीने लक्ष्य केल्याचा आरोप करून व्हॉट्सअ‍ॅपने त्या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने कंपनीला जबाबदार ठरविले. एकदा शिरल्यावर ही प्रणाली संदेश, छायाचित्रे, टिपणे वाचू शकते, आणि ध्वनिग्राहक व कॅमेराही परस्पर सुरू करू शकते.

जुलै २०२१ मध्ये अनेक देशांतील १७ वृत्तसंस्थांनी मिळून, लक्ष्य म्हणून निवडल्या गेल्याचा संशय असलेल्या ५०,००० हून अधिक दूरध्वनी क्रमांकांच्या यादीविषयी वृत्ते प्रसिद्ध केली. त्यांत भारतातील पत्रकार, राजकीय नेते आणि मानवी हक्कांसाठी काम करणारे यांचे क्रमांक होते. यादीत क्रमांक असणे म्हणजे त्या मोबाईलमध्ये शिरकाव झालाच असे नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी चौकशीसाठी समिती नेमली. तिने २९ मोबाईल तपासले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की पाच मोबाईलमध्ये काही घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच होती असे निश्चितपणे म्हणता येत नाही. आणि केंद्र सरकारने समितीशी सहकार्य केले नाही. सत्य काय ते नागरिकाला अखेर कळले नाही. पाळतीचा स्वभावच असा आहे की ती झाली हेही सिद्ध करता येत नाही, आणि झाली नाही हेही.

जी प्रणाली दुसऱ्याच्या यंत्रात शिरून वाचू शकते, ती तेथे लिहूही शकते. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी जप्त केलेल्या एका संगणकाच्या प्रतीची तपासणी बचावपक्षाच्या वतीने अमेरिकेतील एका न्यायवैज्ञानिक संस्थेने केली. बाहेरून शिरलेल्या प्रणालीमार्फत त्या संगणकात आक्षेपार्ह पत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष तिने २०२१ मध्ये मांडला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही, आणि त्याविषयीचा निर्णय न्यायालयानेच करावयाचा आहे. त्या वादात न शिरताही एक गोष्ट स्पष्ट दिसते. कागदाच्या युगात हस्ताक्षर, शाई, कागदाची जात यांवरून लेखनाचा कर्ता शोधता येत असे. प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढण्याचे पाठचिकित्सेचे सारे शास्त्र या विश्वासावर उभे आहे की लेखनाला लिहिणाऱ्याचा काहीतरी वास राहतो. ज्या यंत्रात वाचणारा अदृश्यपणे लेखकही होऊ शकतो, तेथे 'हे मी लिहिले आहे' आणि 'हे मी लिहिलेले नाही' ही दोन्ही वाक्ये सारखीच दुबळी होतात. कर्तृत्वाचा प्रश्न आजवर आपण ग्रंथांच्या बाबतीत विचारीत आलो. तो आता माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न झाला आहे.

५

कायदा याविषयी काय म्हणतो, हे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १८८५ च्या तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणी असताना किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. वसाहतकाळातील हा अधिकार स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात पोलिसी पाळतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रात्री-अपरात्री घरी जाऊन चौकशी करण्याचा पोलिसांचा नियम न्यायालयाने रद्द केला. परंतु खाजगीपणा हा घटनेने हमी दिलेला अधिकार नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्नमतपत्रिकेत असा विचार मांडला की माणसाच्या हालचालीला भौतिक अडथळा नसला, तरी सतत कोणीतरी पाहत आहे या जाणिवेने तो मोकळा राहत नाही. स्वातंत्र्याची ही मानसिक बाजू त्यांनी ओळखली होती, हे त्या मतपत्रिकेचे मोठेपण होय. त्या विचाराला बहुमत मिळण्यास ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्या अधिकारावर आक्रमण करावयाचे तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा, असे निकष त्यातून प्रस्थापित झाले.

तत्त्व असे उच्च आहे. व्यवहार निराळा आहे. दूरध्वनी अडविण्याचा आदेश गृहसचिव देतो, असे १९९६ च्या एका निर्णयात न्यायालयाने ठरवून दिले, आणि त्या आदेशांचे पुनरीक्षण सचिवांचीच समिती करते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तार कायद्याची जागा घेतली, तरी या रचनेचा गाभा बदललेला नाही. आदेशापूर्वी न्यायाधीशाने पाहावे अशी अट नाही, आणि ज्याचे संभाषण ऐकले त्याला पुढे कधी तरी कळवावे अशीही तरतूद नाही. संगणकावरील माहितीसाठी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९ आहे. त्यात सार्वजनिक आणीबाणीची अटही नाही. कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारण पुरते. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा यंत्रणांना हा अधिकार मिळाला. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्याने खाजगी कंपन्यांवर काही बंधने घातली, पण केंद्र सरकार अधिसूचनेने नेमील त्या शासकीय संस्थांना त्यातून सूट देता येते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका प्रकरणात दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रिते नष्ट करावयास सांगितले. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कायद्याची अक्षरे जागी असली की ती उपयोगी पडतात, याचा हा दाखला आहे. परंतु त्या प्रकरणातील व्यक्तीवर खटला झाला, म्हणून तिला आदेशाचा पत्ता लागला. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांना न्यायालयाची पायरी चढावयास कारणच मिळत नाही.

६

या सर्वांचा लेखनावर परिणाम कसा होतो? दमनाचा उघड प्रकार आपल्या परिचयाचा आहे. फेब्रुवारी १९६१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी वासिली ग्रॉसमन यांच्या घरातून त्यांच्या कादंबरीच्या टंकलिखित प्रती नेल्या. एवढेच नव्हे, तर कार्बनचे कागद आणि टंकयंत्राच्या फितीही नेल्या. ग्रॉसमन १९६४ मध्ये वारले. मित्रांनी लपवून ठेवलेल्या प्रतीवरून ती कादंबरी १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅना अख्मातोवा यांनी आपल्या दीर्घ काव्याचे भाग चिठोऱ्यांवर लिहावेत, विश्वासू मैत्रिणीने ते पाठ करावेत आणि चिठोरे जाळून टाकावेत, असा क्रम कित्येक वर्षे चालला होता. गाथा इंद्रायणीत बुडाली तरी लोकांच्या जिभेवर राहिली, ही तुकोबांविषयीची लोकश्रुती आपल्याकडे आहेच. जप्ती करणारा येतो, दार वाजवितो, वस्तू उचलून नेतो. आणि स्मरणशक्ती त्याच्या हाती लागत नाही.

डिजिटल पाळत काहीच उचलून नेत नाही. तुमची प्रत तुमच्यापाशी राहते. त्यामुळे प्रतिकाराची प्रेरणाही उत्पन्न होत नाही. होते ते असे की लिहिणारा स्वतःच आपला पहिला तपासनीस बनतो. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी मागे ठेवलेल्या कागदपत्रांची लांबी १११ किलोमीटर भरते. तेथील लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी घराबाहेर उभ्या असलेल्या मोटारीतून पाळत होत असताना लेखिकेचे मन कसे होते, हे एका छोट्या कादंबरीत चित्रित केले. ती लिहिली गेली १९७९ च्या सुमारास, आणि प्रसिद्ध झाली भिंत पडल्यावर १९९० मध्ये. पुढे हेही बाहेर आले की तारुण्यात याच लेखिकेने काही काळ त्याच यंत्रणेला माहिती पुरविली होती. पाळतीखालील समाजात निरीक्षक आणि निरीक्षित यांच्यातील रेषाही स्वच्छ राहत नाही.

लोकशाही देशांतही हे घडते. स्नोडेनच्या गौप्यस्फोटानंतर पेन या लेखकसंघटनेच्या अमेरिकी शाखेने २०१३ मध्ये लेखकांची पाहणी केली. पाळतीच्या भयाने एखाद्या विषयावर लिहिण्याचे वा बोलण्याचे आपण टाळले, असे १६ टक्के लेखकांनी सांगितले. या टाळलेल्या लेखनाची नोंद कोणत्याही ग्रंथसूचीत होणार नाही. छापलेल्या पुस्तकावर बंदी आली तर वाद होतो, सभा होतात. न लिहिलेल्या पुस्तकाचा निषेध कोण आणि कशाचा करणार?

वाचकाचीही हीच गोष्ट. मूक वाचन हे माणसाच्या सर्वांत खाजगी कृत्यांपैकी एक. पुस्तकाशी आपण असहमत होतो, पान उलटून मागे जातो, एखाद्या वाक्याखाली रेघ ओढतो, आणि हे कोणाला सांगण्याचे आपल्यावर बंधन नसते. यंत्रावरील पुस्तकात मात्र वाचक कोठवर पोचला आणि त्याने कोणत्या वाक्याखाली रेघ ओढली, याची नोंद विक्रेत्याकडे जाऊ शकते. आपण पुस्तक वाचीत असतो तेव्हा पुस्तकही आपल्याला वाचीत असते. येथे पाळत ठेवणारे राज्य नाही, बाजार आहे. परंतु बाजाराने साठविलेली माहिती राज्याला मागता येते, हे विसरून चालणार नाही.

७

यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो हलका नाही. राज्याला डोळे मिटून चालत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हल्लेखोर आणि त्यांना सीमेपलीकडून सूचना देणारे यांच्यातील संभाषणे हल्ला चालू असतानाच टिपली गेली, आणि पुढे खटल्यात तो महत्त्वाचा पुरावा ठरला. ज्या शहराने तो हल्ला भोगला, त्याला पाळत सर्वथा त्याज्य आहे असे सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. कौटिल्याने तर गूढपुरुषांशिवाय राज्याची कल्पनाच केलेली नाही. पण कौटिल्याचेच पुढचे वचन आपण विसरतो. तीन हेरांचे वृत्त परस्परांशी जुळल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये, आणि हेरांना एकमेकांची ओळख असू नये, असा त्याचा दंडक आहे. ज्यांचे वृत्त वारंवार चुकते त्यांना शासन सांगितले आहे. अर्थात हेराचे वाचन चुकू शकते, म्हणून त्यावर दुसरे वाचन हवे, हे त्या कठोर राजनीतिज्ञालाही मान्य होते. आजच्या आपल्या व्यवस्थेत हे दुसरे वाचन कोण करतो? आदेश देणारा आणि आदेश तपासणारा एकाच सचिवालयाच्या छपराखाली बसतात.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाच्या तोंडी असतो : ज्याने काही वावगे केलेले नाही, त्याला लपविण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेतच दडलेले आहे. 'खाजगी' किंवा 'खासगी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि मराठ्यांच्या राजवटीत त्याचा अर्थ राज्यकर्त्याचे स्वतःचे असा होता. दौलत निराळी आणि खासगी निराळी. पेशव्यांच्या खासगीचा कारभार पाहणारे घराणे खासगीवाले म्हणून ओळखले गेले. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या घाटांचा आणि मंदिरांचा खर्च त्यांच्या खासगीतून झाला. म्हणजे खासगी ही लपविण्याची वस्तू नव्हती; ज्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही असे स्वतःचे क्षेत्र, असा त्या शब्दाचा आशय होता. ते क्षेत्र तेव्हा राजाचे होते. रयतेला खासगी नव्हती. लोकशाहीने काय केले, याचे एका वाक्यात वर्णन करावयाचे झाले, तर तिने प्रत्येकाला खासगी दिली असे म्हणता येईल. राजाचा कारभार उघडा झाला आणि प्रजेचे घर झाकले गेले. डिजिटल पाळतीने हा क्रम पुन्हा उलटा होऊ लागला आहे. नागरिक दिवसेंदिवस पारदर्शक होतो, आणि त्याच्याकडे पाहणारी सत्ता दिवसेंदिवस अपारदर्शक.

८

तेव्हा समीक्षकाने काय करावे? कूटलेखनाची साधने सुधारणे हे त्याचे काम नव्हे, आणि न्यायालयात दाद मागणे हे सर्वांना साधणारेही नाही. पण वाचन म्हणजे काय, हे सांगणे त्याचे काम आहे. शब्द प्रकरणातून तोडून वाचू नये. पात्राचे वाक्य लेखकाच्या माथी मारू नये. टाचणाला निर्णय समजू नये. आपण लावलेला अर्थ उघडपणे मांडावा आणि त्याला उत्तर देण्याची मोकळीक ठेवावी, हे चांगल्या वाचनाचे नियम आपण वर्गात शिकवितो आणि परीक्षणांत पाळतो. या नियमांची गरज कवितेपुरतीच आहे असे मानून आपण त्यांचे मोल कमी केले. एखाद्या माणसाच्या संदेशावरून त्याचे स्वातंत्र्य ठरत असेल, तर हेच नियम तेथे किमान न्यायाचे नियम ठरतात. ज्या वाचनाला वाचकाचे नाव नाही, ज्यात अर्थ गुप्त राहतो आणि ज्याला खंडन करता येत नाही, त्याला ज्ञानाच्या क्षेत्रात आपण वाचन म्हणत नाही. राज्याच्या क्षेत्रातही म्हणू नये.

आणि लेखकाने? त्याने आपला खर्डा जपावा. खर्ड्यात माणूस चुकतो, अतिशयोक्ती करतो, स्वतःला न पटणारे विचार मांडून पाहतो, दुष्टाच्या तोंडी बसून बोलून पाहतो, आणि मग त्यातील बरेचसे खोडतो. खोडण्याचे हे स्वातंत्र्य म्हणजेच विचार करण्याचे स्वातंत्र्य. ज्या समाजात खर्डाच पुरावा ठरतो, तेथे माणसे एकदम स्वच्छ प्रत लिहू लागतात. आणि पहिल्या फटक्यातच निर्दोष उतरलेल्या अशा स्वच्छ प्रतींतून आजवर कोणत्याही भाषेचे मोठे साहित्य निर्माण झालेले नाही.